इको नॉर्मल, तरी जिना चढताना दम का लागतो?

नमस्कार भाऊ. तुमचा प्रश्न बराच लांब आहे, म्हणून मला जसा समजला तसा आधी थोडक्यात मांडते. चुकलं असेल तर सांगा.

वय ४४. लातूरच्या आडत बाजारात मुनीम, सकाळी दहा ते रात्री आठ गादीवर बैठक. दसऱ्याच्या आधी गाडीवरून पडलात, डाव्या घोट्याचं हाड मोडलं. सहा आठवडे गुडघ्याखाली प्लास्टर, मग महिनाभर वॉकर. आता हाड जुळलंय आणि डॉक्टरांनी पूर्ण भार द्यायला परवानगी दिली आहे. पण येळवशीला, म्हणजे मार्गशीर्ष अमावास्येच्या सणाला, रानात गेलात तर बांधापासून कोपीपर्यंत (रानातल्या झोपडीपर्यंत) जाताना दोनदा थांबावं लागलं. घाबरून ईसीजी, टूडी इको (हृदयाची सोनोग्राफी), छातीचा एक्स-रे, हिमोग्लोबिन, थायरॉइड सगळं करून घेतलं. सगळं व्यवस्थित. फक्त एचबीए१सी, म्हणजे तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा आकडा, ५.७ होतं ते ६.१ झालंय. वजन आहे तेवढंच. आणि विचारता की हृदय चांगलं, फुप्फुस चांगलं, मग हा दम येतो कुठून? प्रोटीनची पावडर घेऊ का? येत्या कोजागरीला तुळजापूरला पायी जाता येईल का?

मी लातुरातच बावीस वर्षं फिजिओथेरपी करते. प्लास्टर निघालेले पाय हेच माझं निम्मं काम. उत्तर देण्याआधी एक गोष्ट सांगते, ती टाळता येत नाही. पायाला प्लास्टर असताना किंवा ते निघाल्यावर काही आठवड्यांत दम अचानक सुरू झाला असेल, छातीत दुखत असेल, एकाच पायाची पोटरी सुजून गरम लागत असेल, बसल्या जागीही धाप लागत असेल, तर पुढचं वाचू नका, थेट दवाखाना गाठा. पायात झालेली रक्ताची गुठळी फुप्फुसात जाऊ शकते आणि तिथे वाट बघत बसायला वेळ नसतो. तुमच्या लिहिण्यात यातलं काही नाही. तुमचा दम हळूहळू लक्षात आलेला आहे, चाललं की लागतो, दोन मिनिटं थांबलं की जातो. तेव्हा पुढे जाऊ.

मला वाटतं तुमचा दम छातीत नाही, मांडीत आहे.

माझ्या दवाखान्याला चौदा पायऱ्या आहेत. पेशंट धापा टाकत वर आला की खुर्चीत बसायच्या आधीच मी त्याच्या बोटाला ऑक्सिमीटर लावते. मागच्या महिन्यात तुमच्यासारखेच एकजण आले होते. प्लास्टर काढून पंधरा दिवस झालेले. वर आले तर बोलता येईना. मशीनवर आकडा ९८, नाडी १३६. ते म्हणाले, "मॅडम, मशीन बिघडलंय तुमचं. मला इथं श्वास पुरना गेलाय अन् हे ९८ दाखवायलंय." मशीन बरोबर होतं. रक्तात प्राणवायू भरपूर होता, तो मांडीपर्यंत पोचतही होता. तो वापरणारी यंत्रणाच कमी झाली होती.

ही यंत्रणा म्हणजे स्नायूच्या पेशीतल्या मायटोकॉन्ड्रिया. शाळेच्या पुस्तकात आपण त्यांना तंतुकणिका म्हणायचो आणि पाच मार्कांसाठी आकृती काढायचो. साखर आणि चरबी प्राणवायूच्या मदतीनं जाळून स्नायूला लागणारी ऊर्जा, म्हणजे एटीपी, तयार करणं हे त्यांचं काम. लग्नाची पंगत डोळ्यांसमोर आणा. लाकूड भरपूर, शिधा भरपूर, वारं चांगलं, पण चुली दोनच. पाहुणे थोडे असतील तर निभतं, म्हणून तुम्हाला बसून काही जाणवत नाही. दोनशे पानं एकदम बसली की स्वयंपाक मागे पडतो आणि यजमान बाहेरून फरसाण मागवून वेळ मारून नेतो. स्नायूही तेच करतो. चुली पुरल्या नाहीत की प्राणवायूशिवाय साखर अर्धवट मोडून झटपट ऊर्जा काढतो. पण हा सौदा महाग पडतो. एका ग्लुकोजच्या कणापासून मायटोकॉन्ड्रियाच्या वाटेनं साधारण ३० एटीपी मिळतात, या झटपट वाटेनं फक्त २. शिवाय लॅक्टेट आणि आम्लता वाढते, ती निभवताना जास्तीचा कार्बन डायऑक्साइड तयार होतो आणि तो बाहेर टाकण्यासाठी श्वास जोरात चालतो. थकलेल्या मांडीतल्या नसाही मेंदूला वर्दी देतात, त्यानंही श्वास वाढतो. धाप छातीत जाणवते, पण तिचं कारण खाली असतं.

आता हे कमी का झालं? कारण शरीर हिशोबाला पक्कं आहे, तुमच्या शेटजींपेक्षाही. मायटोकॉन्ड्रिया सांभाळायला खर्च येतो. जुन्या रोज मोडीत निघतात, नव्या रोज घडतात. नव्या घडवण्याचा हुकूम निघतो तो स्नायू आकुंचन पावला की. पेशीत कॅल्शियम वाढतं, ऊर्जेची चणचण भासते, ती ओळखणारी प्रथिनं जागी होतात आणि पीजीसी-१ अल्फा नावाचं एक प्रथिन पेशीच्या केंद्रात जाऊन नव्या मायटोकॉन्ड्रियाची ऑर्डर सोडतं. मांडी दिवसभर गादीवर पसरलेली असेल तर ऑर्डर निघत नाही, मोडीत काढायचं काम मात्र चालूच राहतं. सराव बंद केलेल्या खेळाडूंच्या अभ्यासात दिसलंय की सरावानं वाढलेल्या मायटोकॉन्ड्रियातल्या एन्झाइम्सची (प्राणवायू वापरायला लागणाऱ्या प्रथिनांची) कमाई दीडेक आठवड्यात निम्म्यावर येते. उलट बाजूही तितकीच पक्की आहे. १९६७ साली अमेरिकेतले संशोधक जॉन हॉलोझी यांनी उंदरांना काही आठवडे ट्रेडमिलच्या पट्ट्यावर पळवलं, तर त्यांच्या पायाच्या स्नायूंत प्राणवायू वापरण्याची क्षमता जवळपास दुप्पट झाली. स्नायूचा हा भाग दगडाचा नाही, मातीचा आहे, असं मी पेशंटला सांगते.

आणि हे स्नायूपुरतं असतं. सत्तरच्या दशकात स्वीडनमध्ये लोकांना एकाच पायानं सायकल मारायला लावली होती, तर ही एन्झाइम्स त्याच पायात वाढली, दुसऱ्यात नाही. माझ्याकडे केज तालुक्यातली एक बाई यायची, ऊसतोडीला जाणारी. हात मोडला होता, सहा आठवडे गळ्यात. ती चौदा पायऱ्या बोलत बोलत चढायची, कारण कोयता बंद झाला तरी चालणं, पाणी भरणं, लेकरांमागं पळणं बंद झालं नव्हतं. प्लास्टर काढल्यावर तिचा हात दोन मिनिटांत थकून जायचा. पायाला काही झालं नव्हतं.

तुम्ही लिहिलंय की उजवा पायसुद्धा लवकर थकतो. तुमच्या प्रश्नातली ही सगळ्यात कामाची ओळ. उजव्या पायाला प्लास्टर नव्हतं, तरी तोही दहा आठवडे बसूनच होता. आणि खरं सांगू का, तो त्याआधी पाच वर्षं बसून होता. तुम्हीच लिहिलंय, मुलांच्या ट्यूशनसाठी गाव सोडलं, शेत बटईनं दिलं आणि गादीवर बसलात. प्लास्टरनं जे उघड केलं ते आधीपासून हळूहळू घडत होतं. फक्त त्या पाच वर्षांत जिने चढायची वेळ कमी आली.

असं बसून राहण्यानं किती फरक पडतो, तर डेन्मार्कमध्ये एक साधा प्रयोग झाला होता. दहा निरोगी तरुण, रोज सरासरी साडेदहा हजार पावलं चालणारे. त्यांना दोन आठवडे पावलं साडेतेराशेच्या आसपास ठेवायला सांगितलं. प्लास्टर नाही, आजार नाही, नुसती लिफ्ट आणि गाडी. दोन आठवड्यांत त्यांची प्राणवायू वापरण्याची कमाल क्षमता ७ टक्के घसरली, पायाचा स्नायू जवळपास ३ टक्के कमी झाला आणि इन्सुलिनचा असरही कमी झाला. आडत दुकानात सौद्याचा दिवस सोडला तर तुमची पावलं किती होतात, एकदा मोबाइलवर बघा.

तुमच्या ६.१ चं उत्तर बहुतेक इथेच आहे. जेवल्यावर इन्सुलिनच्या जोरावर रक्तातली जी साखर उचलली जाते, तिचा सगळ्यात मोठा वाटा स्नायूच उचलतात. स्नायू कमी आणि आळशी झाले की साखर रक्तात रेंगाळते. चुली कमी म्हणून चरबीही कमी जळते, ती स्नायूच्या आत साठायला लागते आणि इन्सुलिनचा निरोप आणखी अडतो. वजन तेवढंच म्हणून तुम्ही निर्धास्त आहात, पण काटा मांस आणि चरबी एकाच मापानं मोजतो. मापाचा टेप घ्या, गुडघ्याच्या वाटीच्या वरच्या काठापासून १५ सेंटिमीटर वर दोन्ही मांड्यांचा घेर घ्या. डावी दोनेक सेंटिमीटर कमी भरली तर मला नवल वाटणार नाही. चरबी पोटावर किती वाढलीय ते तुमचं तुम्ही बघा.

आता जिथे परिस्थितीनुसार फरक पडतो ते सांगते. पहिलं, सगळा दोष मांडीचा नाही. पडून किंवा बसून राहिलं की रक्तातलं पाणी कमी होतं आणि हृदय एका ठोक्याला कमी रक्त फेकतं. १९६६ साली अमेरिकेत डॅलसला पाच विशीतल्या तरुणांना तीन आठवडे अंथरुणावर ठेवलं होतं. त्यांची कमाल क्षमता पाव हिश्श्याहून जास्त घसरली, आणि त्यात हृदयाच्या ठोक्याचा वाटा मोठा होता. तुमचा इको आडवं झोपवून केलेला आहे. हृदयाचे पडदे-झडपा चांगले आहेत एवढं तो सांगतो, सवय मोडलेलं हृदय जिन्यावर कसं वागेल ते सांगत नाही. तुम्ही पूर्ण अंथरुणाला खिळला नव्हता, म्हणून तुमच्यात स्नायूचा हिस्सा जास्त असेल असा माझा अंदाज. डॅलसचा तो प्रयोग पेशंटला मी एका वेगळ्याच कारणासाठी सांगते. त्याच पाच जणांना तीस वर्षांनी पुन्हा तपासलं. तीस वर्षांच्या वयानं केलेली घट त्या तीन आठवड्यांच्या घटीपेक्षा कमी निघाली. आणि पन्नाशीत सहा महिने सराव करून वयानं नेलेली ती क्षमता त्यांनी परत मिळवली.

दुसरं, वय. साठी-सत्तरीत स्नायू जातो तितकाच झटपट, पण परत यायला फार वेळ घेतो. तुम्ही ४४ चे आहात, गाडी वेळेवर आहे. तिसरं, औषधं. बीपीसाठी नाडी हळू करणारी गोळी चालू असेल तर खाली नाडीबद्दल जे लिहिलंय ते तुम्हाला लागू नाही. कोलेस्टेरॉलच्या गोळीनं कधीकधी स्नायू दुखतात, पण ती स्वतःच्या मनानं बंद करू नका, डॉक्टरांशी बोला.

आता करायचं काय. इथे माझी स्वतःची एक चूक सांगते. सुरुवातीची सात-आठ वर्षं मी प्लास्टर निघालेल्या प्रत्येकाला फक्त ताकदीचे व्यायाम द्यायची. पायाला वाळूची पिशवी, वर-खाली, दहादहाचे तीन फेरे. महिन्यात मांडी भरायची, मी खूष. एकदा एक कापड दुकानदार म्हणाले, "मॅडम, पिशवी आता पाच किलोची उचलतो, पण घरून गंजगोलाईपर्यंत चालत जाता येत नाही." गंजगोलाई म्हणजे लातूरचा बाजारचौक. मांडीचा घेर आला होता, दमसास नव्हता. ताकद आणि दमसास या दोन वेगळ्या कमाया आहेत. चुलींची संख्या वाढते ती हलकं काम बराच वेळ, पुन्हा पुन्हा केल्यानं. उलटीही चूक लोक करतात, नुसतं चालतात. डेन्मार्कमध्येच दोन आठवडे पाय बांधून ठेवलेल्या लोकांना नंतर सहा आठवडे सायकल मारायला लावली, तर दमसास आला, स्नायूचा आकारही आला, ताकद मात्र पुरती आली नाही. तेव्हा दोन्ही हवं.

पहिले दोन-तीन आठवडे सपाट रस्त्यावर दहा-दहा मिनिटं, दिवसातून तीनदा चाला. एकदम अर्धा तास नको. वेग असा ठेवा की शेजारच्याशी बोलता येईल, पण अभंग म्हणता येणार नाही. निदान दोन वेळा तरी हे जेवणानंतर करा, कारण स्नायू हलत असताना इन्सुलिनची वाट न बघता रक्तातली साखर ओढून घेतो. सध्या थंडी आहे, याच्यासारखा मोसम नाही. एप्रिल-मेमध्ये लातूरच्या उन्हात हे सकाळी सातच्या आतच उरकावं लागेल. याच्या जोडीला खुर्चीवरून हात न टेकता उठणं-बसणं, आठचे तीन फेरे, आणि भिंतीला धरून टाचा उचलणं, तेवढंच. घोटा सुजला किंवा रात्री ठणकला तर दुसऱ्या दिवशी निम्मं करा.

चौथ्या आठवड्यापासून एका चालीला अर्धा तास. त्यातल्या दोन-तीन दिवशी मध्येच चाल वाढवायची: एक मिनिट झपाझप, दोन मिनिटं सावकाश, असे सहा वेळा. झपाझप मिनिटात बोलणं तुटायला हवं. स्नायूला ऊर्जेची चणचण भासवायची ती अशी. नाडी दोन मिनिटांत चांगली खाली येते का ते बघत राहा. आठवडे जातील तसं ती लवकर उतरायला लागेल, आणि कोणत्याही रिपोर्टच्या आधी हेच सुधारणेचं पहिलं चिन्ह दिसतं. दोन महिन्यांनी जिने, आणि हातात थोडं वजन घेऊन उठबस.

गादीचं काय? सकाळी तासभर चालून दहा तास हलायचंच नाही, हे मी फार बघते, डॉक्टर मंडळींतसुद्धा. उंदरांच्या पायावरचा भार काढून घेतला तर रक्तातली चरबी स्नायूत ओढणारं लायपोप्रोटीन लायपेज हे एन्झाइम एका दिवसाच्या आत कोसळतं असं दिसलंय. इतकं झटपट घडणारं सकाळच्या एका तासानं दिवसभर कसं सांभाळलं जाईल? अर्ध्या तासानं उठा. हिशोबाची पट्टी लिहून झाली की ती पोऱ्याकडे देऊ नका, स्वतः वखारीच्या दारापर्यंत नेऊन द्या. फोन आला की उभं राहून बोला. सध्या तुरीची आवक जोरात आहे, वेळ नाही म्हणाल. पण ढिगावर सौदा चालू असताना शेटजींच्या मागे मागे फिरायला कुणी अडवत नाही.

पावडरीबद्दल. चुली पावडरीनं वाढत नाहीत, तो हुकूम फक्त हालचालीतून सुटतो. हाड आणि स्नायू भरून यायला प्रथिनं हवीत हे खरं, किलोमागे साधारण १ ते १.२ ग्रॅम, म्हणजे तुमच्या ७० किलोला ७० ते ८५ ग्रॅम. आपल्याकडे भाकरी, पातळ वरण आणि ठेच्यावर भागवलं की ते निम्म्यावर अडतं. वरण घट्ट करा, मोड आलेली मटकी, हरभरा, शेंगदाण्याचा कूट, दोन्ही वेळा दही. चालत असतील तर दोन अंडी, त्यात १२ ग्रॅम झाले. एवढं जमलं तर डबा विकत घ्यायचं कारण उरत नाही. मूत्रपिंडाचा त्रास असेल तर मात्र प्रथिनं वाढवण्याआधी विचारा.

आणि तुळजापूर. लातूरहून ते पाऊणशे किलोमीटरच्या आसपास आहे आणि कोजागरीला अजून नऊ महिने आहेत. माझ्या मते जमेल. पण जूनपर्यंत सलग दहा किलोमीटर आरामात व्हायला हवेत, आणि श्रावणात लागोपाठ दोन दिवस पंधरा-पंधरा. दुसऱ्या दिवशीचे पंधरा जमले तरच निघा, कारण पायी जाणारे बहुतेक पहिल्या दिवशी नाही, दुसऱ्या दिवशी कोसळतात. घोट्यासाठी डॉक्टरांना सप्टेंबरमध्ये एकदा दाखवून घ्या. चप्पल नाही, बूट, आणि ते नवे नकोत. अनवाणी जायचा नवस असेल तर तेवढं आईला सांगून यंदापुरतं सूट मागा.

आज रात्री एक करा. भिंतीला टेकवलेली खुर्ची, हात छातीवर, मुलाला मोबाइलवर तीस सेकंद लावायला सांगा आणि किती वेळा पूर्ण उठता ते मोजा. तुमच्या वयाच्या धडधाकट माणसाला वीसच्या आसपास जमतात, तुम्हाला दहा-बाराच जमतील असं वाटतं. तो आकडा आणि दोन्ही मांड्यांचं माप इथे लिहा, मग चालायच्या मिनिटांत काय बदल करायचा ते सांगते.